कैदेतल्या गुरख्याचं पदक चोरबाजारातलं नसतं

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा फिरू लागलाय. त्याचा गोषवारा असा: गुरखा शत्रूच्या हाती जिवंत कधीच लागला नाही. जे थोडेफार लागले त्यांना इंग्रजांनी पत्र्याचा तुकडासुद्धा दिला नाही, म्हणून कैदेत राहिलेल्या गुरख्याच्या ट्रंकेत चांदणीच्या आकाराचं पदक सापडलं तर ते चोरबाजारातलं समजावं. आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सिंगापुरात पकडलेला एकही गुरखा आझाद हिंद सेनेत गेला नाही. म्हणजे आधी डोक्यावर घ्यायचं आणि मग त्याच माणसाच्या ट्रंकेवर संशय घ्यायचा.

‘जिवंत कधीच लागला नाही’ हे विधान तर आपल्याकडे कुणी खपवून घ्यायलाच नको होतं. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूत-अल-अमारा इथे तुर्कांपुढे जी फौज शरण गेली, तिच्यात पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन होती. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिथे होत्या आणि त्यांच्यासोबत ७व्या गुरखा रायफल्सची दुसरी पलटणही. सगळे एकाच वेढ्यात अडकले आणि एकाच दिवशी कैदी झाले. योगायोग असा की सव्वीस वर्षांनी, जून १९४२मध्ये लिबियातल्या तोब्रुकला हीच गुरखा पलटण पुन्हा मराठ्यांच्या शेजारी होती. ११व्या ब्रिगेडमध्ये ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण, ७व्या गुरख्यांची दुसरी आणि स्कॉटलंडचे कॅमेरन हायलँडर्स. २० जूनला जर्मन सेनापती रोमेलचे रणगाडे मराठ्यांच्या मोर्च्यावरूनच आत घुसले, २१ला किल्लेदार जनरल क्लॉपरने शरणागती दिली. गुरखे आणि कॅमेरन त्यानंतरही काही काळ लढत राहिले. मग तेही कैदी.

मलायातली (आजच्या मलेशियातली) गोष्ट याहून वाईट. तिथे २८व्या ब्रिगेडमध्ये तीन गुरखा पलटणी होत्या: १ल्या, २ऱ्या आणि ९व्या गुरखा रायफल्सच्या दुसऱ्या पलटणी. ७ जानेवारी १९४२च्या सकाळी स्लिम नदीच्या परिसरात १ल्याची पलटण रस्त्याने कूच करत असताना जपानी रणगाडे मागून तिच्यावर आले. पलटण जवळजवळ संपलीच. उरलेसुरले १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडल्यावर तिथले ब्रिटिश सेनापती जनरल पर्सिव्हल यांच्या हुकमाने कैदेत गेले. शरणागतीची सही जनरल करतो, शिपाई नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी ‘कलंक’ हा शब्द वापरताना जीभ अडखळेल.

आता पदकं. मूळ गोंधळ इथेच आहे. चांदणीच्या आकारामुळे लोकांना वाटतं की हे शौर्यपदक. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धातले हे सहा टोकांचे पिवळसर धातूचे ‘स्टार’ म्हणजे मोहिमेची पदकं: अमुक ठिकाणी, अमुक काळात तू आघाडीवर होतास, एवढंच ती सांगतात. मलायासाठी पॅसिफिक स्टार होता आणि तारखा होत्या ८ डिसेंबर १९४१ ते १५ फेब्रुवारी १९४२. म्हणजे सिंगापूर पडलं तो दिवसही त्यात धरलेला आहे. कैदी झालेल्यांना वगळायचं असतं तर नियम करणाऱ्यांनी ही तारीख कशाला घातली असती? मलायात पकडलेल्या सैनिकाच्या नावावर साधारणपणे १९३९-४५ स्टार, पॅसिफिक स्टार आणि वॉर मेडल असतात. शेवटचं तर २८ दिवसांच्या पूर्णवेळ नोकरीवरच मिळत असे. ‘बर्मा स्टार का नाही?’ असाही एक उपप्रश्न त्या मजकुरात आहे. मलायासाठी तो १६ फेब्रुवारी १९४२पासूनच्या सेवेला होता, म्हणजे सिंगापूर पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

तोब्रुकवाल्यांचा आफ्रिका स्टार घेतला तर आणखी गंमत दिसते. त्याच्या फितीवर कधी कधी ‘८’चा आकडा असतो, आठव्या आर्मीचा. पण तो २३ ऑक्टोबर १९४२ नंतरच्या सेवेसाठी. जूनमध्येच पकडलेल्या माणसाच्या फितीवर तो नसणार, आणि नसेल तर बनावटीचा संशय घ्यायला जागा नाही. उलट तसा आकडा असता तर मी दोनदा विचारलं असतं.

कैदेतल्या वागणुकीबद्दल खरोखरीची शौर्यपदकंही दिली गेली. हिंदी (म्हणजे ब्रिटिशांच्या भारतीय) सैन्यातले कॅप्टन मतीन अहमद अन्सारी यांना हाँगकाँगमध्ये जपान्यांनी १९४३ साली ठार मारलं, त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. मलायात छळ सोसूनही न बोललेले महमूद खान दुर्राणी यांनाही तोच. दोघं गुरखा नव्हते, पण कैद म्हणजे कलंक असं मानणारं सरकार हे करत नाही.

आझाद हिंद सेनेचा दावा तर पुस्तक न उघडताही खोडता येतो. संसदेच्या आवारात मेजर दुर्गा मल्ल यांचा पुतळा आहे. १ल्या गुरखा रायफल्सचा हा जवान आझाद हिंद सेनेत गेला, पकडला गेला आणि २५ ऑगस्ट १९४४ रोजी दिल्लीत फाशी गेला. त्या सेनेचं संगीत देणारे राम सिंग ठाकुरी हेही १ल्या गुरख्यांचेच. बरेच गुरखे गेले नाहीत हेही खरं, आणि नकार देणाऱ्यांनी मार खाल्ला. यातल्या एका गटाला मोठं करण्यासाठी दुसऱ्याला पुसून टाकायची गरज मला तरी वाटत नाही.

मजकुरातला एकच धागा खरा आहे: इंग्रजांनी कैदी गुरख्यांशी दुजाभाव केला. फक्त तो पदकांत नव्हता, पैशात होता. नोव्हेंबर २०००मध्ये ब्रिटिश सरकारने जपान्यांच्या जुन्या कैद्यांना प्रत्येकी १०,००० पौंड जाहीर केले आणि नेपाळी गुरख्यांना वगळलं. कारण काय, तर ते त्या वेळी हिंदी सैन्याच्या कायद्याखाली होते. तीन म्हातारे गुरखे लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. २७ नोव्हेंबर २००२ला न्यायालयाने हे वगळणं अतार्किक आणि समानतेच्या तत्त्वाला सोडून असल्याचं म्हटलं. सिंगापूर पडून तेव्हा साठ वर्षं उलटून गेली होती.