चणे खाताना तुटलेल्या दाढेबद्दल

नमस्कार,

"रूट कॅनॉलला एवढे पैसे मोजले आणि पाच महिन्यांत चणे खाताना अर्धी दाढ तुटून हातात आली. आता म्हणतात कॅप बसवली नाही म्हणून तुटली. नस काढली की दाढ ठिसूळ होते, हे आधीच सांगायचं ना!" असं तुम्ही लिहिलंय. वाचून फार वाईट वाटलं. जी दाढ वाचवायला तुम्ही तीनदा खुर्चीत बसलात, ती अशी तुटणं मलाही लागतं.

आधी आमची चूक. कॅपचं आम्ही तोंडी सांगितलं, तेही तुमचा अर्धा जबडा बधिर असताना. तेव्हा ऐकलेलं कोणाच्या लक्षात राहणार? कागदावर गोळ्या लिहिल्या. कॅप आणि तिचा खर्च लिहिला नाही. नंतर फोनही केला नाही. दुखणं थांबलं की पेशंट परत येत नाहीत हे रोज बघतो, त्यामुळे फोन करणं आमचंच काम होतं. आता रूट कॅनॉल सुरू करण्याआधीच कॅपसकट खर्च लिहून देतो.

नस काढल्याने दाढ वाळून ठिसूळ होते, हे मात्र खरं नाही. दाढेची ताकद असते उरलेल्या भिंतींत. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे मोजलं होतं: रूट कॅनॉलसाठी वरून पाडलेल्या भोकाने दाताचा ताठपणा जेमतेम ५ टक्के कमी झाला, पण शेजारच्या दातांना टेकणाऱ्या दोन्ही बाजू कोरल्यावर तो ६३ टक्क्यांनी घटला. तुम्हीच टाकलेल्या एक्स-रेत बघा, कीड पुढच्या आणि मागच्या, दोन्ही फटींतून शिरलेली आहे. अशा दाढेत सिमेंट भरलं तरी गालाकडची आणि जिभेकडची भिंत सुटी राहते आणि चावताना बाहेर फाकते. कडक चणा नेमका मधे आला की एक भिंत जाते. कॅप या भिंतींना वरून कवटाळून धरते, म्हणून ती लागते. दाढेच्या मुळात पिन, म्हणजे बारीक दांडी, घालून हे काम होत नाही. पिन फक्त वरचं सिमेंट धरते.

एकदा दाखवायला या. तपासणी, एक्स-रे आणि दाढ पुन्हा बांधणं, याचे पैसे घेणार नाही. कॅपचे फक्त लॅबचे द्या. हिरडीच्या वर सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर धड दात उरला असेल, तर कॅप नीट टिकेल. तडा मुळात उतरला असेल तर दाढ काढावी लागेल, आणि तसं असेल तर तेच सांगेन. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर सगळे एक्स-रे आणि कागद देतो.

तोवर त्या बाजूने काही चावू नका. दुखत नाही म्हणून पुढेही ढकलू नका. उघड्या जागेतून लाळ आत झिरपली तर रूट कॅनॉलही पुन्हा करावं लागेल.