दृष्टान्ताचा अर्थ आधी त्याच अध्यायात शोधावा

कुठे युद्ध पेटले, भूकंप झाला किंवा साथ पसरली की बायबलमधील यहेज्केल, दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतील वचने घाईघाईने बातम्यांना जोडली जातात. यहेज्केलातला, देवाच्या लोकांवर चालून येणारा गोग म्हणजे अमुक देश, प्रकटीकरणातले, देवाला विरोध करणारे श्वापद म्हणजे तमुक नेता, असे ठामपणे सांगणारे संदेश फिरू लागतात. पवित्र शास्त्रावर माझा मनापासून विश्वास आहे आणि म्हणूनच ही पद्धत मला अस्वस्थ करते. एखादा दृष्टान्त, म्हणजे देवाने संदेष्ट्याला दाखवलेले दर्शन, ज्यांना प्रथम ऐकवला गेला त्यांना त्यातून काय सांगायचे होते, हे समजून घेतल्याशिवाय तो आपल्या काळाला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यहेज्केलाच्या ३७व्या अध्यायातील शुष्क हाडांचे खोरे पाहा. हाडाला हाड जुळते, स्नायू येतात, मांस चढते, त्यावर त्वचा येते, तरी श्वास मात्र नसतो. तो नंतर चारही दिशांकडून येतो. हे सारे इतके विलक्षण आहे की वाचक तिथेच अडकतो आणि अकरावे वचन नजरेतून निसटते. त्या वचनात देव स्वतःच उलगडा करतो : ही हाडे म्हणजे इस्राएलाचे सर्व घराणे, कारण तेच म्हणत आहेत की आमची हाडे वाळून गेली आणि आमची आशा संपली. यरुशलेम पडले होते, मंदिर जळाले होते आणि हे लोक बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवासात होते. म्हणजे दृष्टान्तातले चित्र त्यांच्याच विलापातून उचललेले आहे. पुढच्याच वचनात उघड्यावर पडलेल्या हाडांऐवजी देव कबरी उघडण्याची भाषा करतो, यावरून चित्रातील प्रत्येक तपशिलाला स्वतंत्र गुपित चिकटवणे किती गैर आहे, हेही दिसते.

दानीएलाच्या आठव्या अध्यायातील दृष्टान्तात एक एडका आणि एक बकरा दिसतो. देवदूत गब्रीएल एडक्याला मेदी व पारस यांचे राजे म्हणतो आणि बकऱ्याला ग्रीसचा राजा. एवढे स्पष्टीकरण मिळूनही दानीएल काही दिवस आजारी पडला आणि तो दृष्टान्त आपल्याला उमगला नाही, असे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले. याच अध्यायातील २३०० ही दिवसांची संख्या वर्षांची मानून अमेरिकेतील विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा दिवस ठरवला. तो दिवस आला आणि गेला. ती माणसे अप्रामाणिक नव्हती, त्यांची श्रद्धा खरी होती, म्हणून त्यांची निराशा वाचताना आजही वाईट वाटते.

प्रकटीकरणाबाबतही हेच म्हणावे लागते. दृष्टान्तात दिसणाऱ्या सात समया म्हणजे सात मंडळ्या (ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचे समुदाय), हे पहिल्याच अध्यायात सांगितले आहे आणि त्या इफिस, स्मुर्णा अशा खऱ्याखुऱ्या नगरांतील होत्या. ६६६ या श्वापदाच्या संख्येचा संबंध अनेक अभ्यासक रोमन सम्राट नीरोच्या नावाशी लावतात. काही प्राचीन हस्तलिखितांत तर ती ६१६ अशी आढळते.

अशाने भविष्यवाणी भूतकाळात कोंडली जाते, असा आक्षेप घेतला जातो. मला तसे वाटत नाही. हाडांचे खोरे बंदिवानांसाठी होते हे कळल्यावरच, आशा गमावलेल्या कोणत्याही माणसाला ते इतके खोलवर का भिडते, हे समजते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १० मध्ये येशूचा शिष्य पेत्र याला आकाशातून उतरणारी चादर आणि तिच्यातले, यहूदी नियमाने अशुद्ध मानलेलेही, प्राणी दिसले, तेव्हा तोही गोंधळून विचार करत बसला. कर्नेल्य या रोमी सैन्याधिकाऱ्याची माणसे दारात आली, तो त्यांच्याबरोबर एका परराष्ट्रीयाच्या, म्हणजे यहूदी नसलेल्याच्या, घरात गेला आणि कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये, हा अर्थ त्याने तिथे बोलून दाखवला. त्या अर्थाने पेत्राला परक्याच्या घरात नेले. आज फिरणारे बहुतेक अर्थ मात्र कोणत्या तरी राष्ट्राला श्वापद ठरवून मोकळे होतात, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप त्यालाच आहे.