एसजीपीटी ६८ आणि गुळवेलीचा काढा

घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज असा: 'एसजीपीटी ४०च्या वर म्हणजे लिव्हर सडायला लागलं. सगळ्या गोळ्या बंद करा, २१ दिवस गुळवेलीचा काढा घ्या, साखर आणि दारू सोडा. ४०च्या आत असेल तर लिव्हर ठणठणीत.' खाली मावशीने लगेच विचारलं, 'गुळवेल ओली की वाळलेली?' मावशीला टीबीच्या गोळ्या चालू आहेत. म्हणून हे लिहावं लागतंय.

'सडलं' म्हणे! यकृताच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातलं एसजीपीटी नावाचं एन्झाइम रक्तात उतरतं, एवढाच त्याचा अर्थ. ६०-७० आकडा बहुतेक वेळा वाढलेलं वजन, मधुमेह, एखादं औषध किंवा नुकताच येऊन गेलेला ताप यांचा असतो. रिपोर्टात त्याच्या जोडीला येणारं दुसरं एन्झाइम, एसजीओटी, तर स्नायूंत आणि तांबड्या पेशींतही असतं. जिममध्ये जोर काढून दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तर दोन्ही वाढतात. सोबत सीपीके, म्हणजे स्नायू दुखावल्यावर वाढणारं एन्झाइम, बघितलं की उलगडा होतो. आकडा हजारात गेला की मात्र थांबायचं नाही. कावीळीचे विषाणू, पॅरासिटामॉलचा अतिरेक असलं काहीतरी असतं.

'४०च्या आत ठणठणीत' हे तर साफ खोटं. सिरोसिसमध्येही, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालेलं असतानाही, एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं. यकृत काम किती करतंय हे अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन), बिलिरुबिन (कावीळीचं पिवळं द्रव्य) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) सांगतात. रिपोर्टात त्या ओळी वाचा.

आता काढा. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेले ४३ रुग्ण देशातल्या १३ केंद्रांनी नोंदवले. तो अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. अनेकांत ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं चित्र होतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटलेली. 'ती गुळवेल नव्हेच, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल' असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. समजा तसं असेल, तर बाजारातून आणलेली काडी कुठल्या वेलीची हे मावशी कशी ओळखणार? '२१ दिवसांत आकडा उतरला' हाही पुरावा नाही. रक्तातलं एसजीपीटी साधारण दोन दिवसांत निम्मं होतं. मूळ कारण गेलं की आकडा आपोआप उतरतो.

आणि टीबीच्या गोळ्या? त्यांनी एन्झाइम वाढतात, हे खरं. पण थोडी वाढ झाली म्हणून कोणी उपचार थांबवत नाही. मळमळ, उलट्या, कावीळ असेल आणि आकडा वरच्या मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे साधारण १२० झाला, किंवा काहीच त्रास नसताना पाचपट, म्हणजे २०० झाला, तर डॉक्टर गोळ्या थांबवतात आणि नंतर एकेक करून पुन्हा सुरू करतात. मनाने बंद केल्या तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो. वर काढाही चालू असेल, तर यकृत बिघडवलं कोणी हेच कळत नाही.

साखर-दारूचं म्हणणं बरोबर, नाइलाजाने मान्य. फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठलेली असेल तर ७ ते १० टक्के वजन उतरवल्याचा फायदा होतो.

आकडा थोडाच वाढलेला असेल तर डॉक्टरांना चालू गोळ्या, काढे, प्रोटीन पावडर सगळं सांगा. बी आणि सी हिपॅटायटिसची तपासणी, सोनोग्राफी, आणि त्यांनी सांगितलेल्या दिवशी पुन्हा रक्त. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.