हत्ती-मुंगीची तुलना नाहीये ही (माओरी-इंग्रजी लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

तेना कोरुआ!

माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची भाषा) आणि इंग्रजी यांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय की "मी आणि बायको, दोघांनी लेख वाचला आणि दोघांनाही पटला नाही", म्हणून कोरुआ. एकट्याला नमस्कार करायचा तर तेना कोए, दोघांना तेना कोरुआ, तिघं किंवा जास्त असले की तेना कोउतोउ. शाळेत रामः रामौ रामाः घोकलंय त्यांना हे लगेच कळेल. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच यू.

तुमची प्रतिक्रिया चांगली लांबलचक आहे आणि मला ती आवडली, कारण तुम्ही मुद्दे मांडलेत. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की माओरीत अक्षरं १५, लिपी मिशनऱ्यांनी दिलेली, बससाठीसुद्धा इंग्रजी शब्द उसना घेतलेला, अशा भाषेची इंग्रजीशी तुलना म्हणजे हत्ती आणि मुंगी. वर इंग्रजी कोणी लादली नाही, माओरी लोकांनीच मागितली. आणि मी लिहिलेलं "फेनुआ या शब्दाचं इंग्रजीत भाषांतर होऊच शकत नाही" हे वाक्य निव्वळ भावनेच्या भरातलं आहे.

शेवटचं आधी घेते कारण तिथे तुमचं बरोबर आहे. फेनुआ म्हणजे जमीन, आणि फेनुआ म्हणजे बाळंतपणात पडणारी वारसुद्धा. इंग्रजीत दोन वेगळे शब्द वापरून दोन्ही अर्थ व्यवस्थित सांगता येतात, म्हणजे भाषांतर होतं. मला म्हणायचं होतं ते हे, की बाळाची वार जमिनीत पुरायची माओरी रीत आहे आणि ती रीत त्या एका शब्दात बसलेली आहे. आपल्याकडे वार पुरायची पद्धत होतीच, आणि "गावाशी नाळ जोडलेली आहे" हे आपण आजही म्हणतो, त्यामुळे मराठी माणसाला हे समजवायला फार कष्ट पडू नयेत. पण "होऊच शकत नाही" हे चुकलं, ते मी काढलंय.

आता उसने शब्द. हो, बसला पाही म्हणतात, मेंढीला हिपी, ख्रिसमसला किरिहिमेते. माओरीत जोडाक्षर नाही आणि शब्द नेहमी स्वरावरच संपतो, म्हणून बाहेरून आलेला शब्द त्या साच्यातून जातो, हॉस्पिटलचं होहिपेरा होतं. आपण त्याच शब्दाचं इस्पितळ केलं, ते पोर्तुगीजांकडून आलं, आणि बटाटा, चावी, पगार हेही तिकडूनच. मग मराठी मुंगी झाली का? आणि इंग्रजीनं १०६६ नंतर, म्हणजे नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर, फ्रेंचमधून आणि लॅटिनमधून जे उचललं ते बाजूला काढलं तर आज कोर्टातला एक अर्जही लिहिता येणार नाही. शिवाय माओरी सगळंच उसनं घेत नाही, कॉम्प्युटरला रोरोहिको म्हणतात, रोरो म्हणजे मेंदू आणि हिको म्हणजे वीज.

मला तुलना करायची होती ती शब्दांच्या संख्येची नाहीच. एखादी भाषा तुम्हाला काय बोलायला भागच पाडते ते बघा, असं माझं म्हणणं आहे. मी ऑकलंडला संध्याकाळच्या माओरी वर्गाला जायचे, तिथल्या बाईंना सगळे फाएआ म्हणायचे, आई-मावशीला म्हणतात तेच. एकदा त्यांनी घराबद्दल एक वाक्य बोला म्हटलं. मी डोक्यात इंग्रजी "अवर हाउस" धरून "तो तातोउ फारे" म्हणाले. बाई थांबल्या, माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग हात फिरवून अख्ख्या वर्गाकडे, म्हणजे घर आपल्या सगळ्यांचं का? मला म्हणायला हवं होतं "तो मातोउ फारे". तातोउ म्हणजे समोरच्याला धरून आपण सगळे, मातोउ म्हणजे समोरच्याला सोडून आम्ही. मी मराठीतून विचार केला असता तर चुकलेच नसते हो, आमचं घर, आपलं घर! हा फरक आपल्याकडे आहे, इंग्रजीत नाही, आणि माओरीत तर दोघांसाठी परत वेगळे शब्द आहेत, ताउआ म्हणजे तू आणि मी, माउआ म्हणजे मी आणि तिसरं कोणी.

अजून एक बघा. "माझं" म्हणताना माओरीत दोन रस्ते आहेत. माझं मूल म्हटलं तर ताकु, माझे वडील म्हटलं तर तोकु. मूल माझ्या जबाबदारीखाली, वडील माझ्या वर. पेन ताकु, पण घर, जमीन, होडी तोकु, कारण त्यांच्यात आपण राहतो, त्यांच्या आधारानं असतो. इंग्रजीतल्या माय (my) या शब्दात यातलं काहीच कळत नाही, अर्थात इंग्रजी दुसऱ्या वाटेनं ते सांगूही शकते, पण माओरीत बहुतेक वेळा ते सांगावंच लागतं.

या फरकाची किंमत काय होते ते बघायचं तर माओरी प्रमुख आणि ब्रिटिश यांच्यातला वाइतांगीचा करार बघा, ६ फेब्रुवारी १८४०. इंग्रजी मसुद्यात माओरी प्रमुख ब्रिटनच्या राणीला सार्वभौमत्व देतात. माओरी मसुदा हेन्री विल्यम्स या मिशनऱ्यानं मुलाच्या मदतीनं एका रात्रीत केला, आणि तिथे शब्द घातला कावानातांगा, म्हणजे गव्हर्नरपासून बनवलेला, कारभार म्हणा. दुसऱ्या कलमात मात्र प्रमुखांकडे तिनो रांगातिरातांगा, त्यांची पूर्ण सत्ता, कायम राहील असं लिहिलं. आता गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे, की याच विल्यम्सनं पाच वर्षं आधी, माओरी प्रमुखांच्या १८३५ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या भाषांतरात सार्वभौम सत्तेसाठी माना शब्द वापरला होता. १८४० ला तो वापरला असता तर किती जणांनी सही केली असती? पाचशेच्या वर सह्या झाल्या आणि इंग्रजी प्रतीवर त्यातल्या फक्त ३९. वाइतांगी ट्रायब्युनलनं, म्हणजे या कराराबद्दलच्या माओरींच्या तक्रारी तपासणाऱ्या आयोगानं, २०१४ मध्ये सांगितलं की फेब्रुवारी १८४० मध्ये सही करणाऱ्या उत्तरेकडच्या प्रमुखांनी सार्वभौमत्व सोडलंच नव्हतं. मिशनऱ्यांनी दिलेली तीच लिपी त्या कागदावरही होती, कमी पडला तो शब्द निवडणारा.

"लोकांनीच मागितली" हे अर्धं खरं आहे आणि ते मी लेखात लिहायला हवं होतं. १८७० च्या दशकात काही माओरी लोकांनी शाळेत इंग्रजी शिकवा असे अर्ज संसदेकडे केले होते. पण त्यांना इंग्रजी जास्तीची हवी होती, घरातली भाषा जाऊन नको होती. १८६७ च्या कायद्यानं माओरी मुलांच्या शाळा इंग्रजीत चालवायचं ठरलेलंच होतं, आणि पुढे कित्येक वर्षं शाळेत माओरी बोललं म्हणून मुलांनी मार खाल्लाय. ती मुलं मोठी झाली आणि त्यातल्या खूप जणांनी आपल्या पोरांशी इंग्रजीतच बोलायचं ठरवलं, पोरांना तो मार नको म्हणून. याला मागणी म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

१९७२ मध्ये शाळेत माओरी शिकवा असा तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेत गेला, १९८२ मध्ये पहिलं कोहांगा रेओ सुरू झालं, शब्दशः भाषेचं घरटं, आजी-आजोबा आणि दोन-तीन वर्षांची पोरं एका खोलीत आणि बोलायचं फक्त माओरीत, म्हणजे मधली जी पिढी गप्प झाली होती तिच्या डोक्यावरून भाषा नातवंडांकडे दिली. १९८७ ला माओरी कायद्यानं अधिकृत भाषा झाली.

लेखात फेनुआचं वाक्य बदललंय, १८७० च्या अर्जांचा परिच्छेद आज रात्री घालते. बायकोचं वेगळं काही म्हणणं असेल तर त्यांनाही लिहायला सांगा, दोघांनाही उत्तर देईन.