‘लंडन कॉलिंग’चा फोटो कुणा चाहत्याने काढलेला नाही

मुंबईतल्या बँडवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडच्या ‘लंडन कॉलिंग’ या अल्बमचं कव्हर म्हणजे गर्दीतल्या एका चाहत्याने काढलेला हललेला फोटो, बँडला तो सापडला, आवडला, त्यांनी छापला, तेव्हा चाहत्यांचे फोटो बिनधास्त वापरा, परवानगीच्या भानगडीत पडू नका. यातलं जवळपास काहीच खरं नाही.

आधी त्या चाहत्याचं बघू. तो फोटो पेनी स्मिथ यांचा आहे. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या तेव्हाच्या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकासाठी काम करणाऱ्या त्या व्यावसायिक छायाचित्रकार. १९७९ च्या अमेरिका दौऱ्यात त्या बँडबरोबरच होत्या. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये प्रेक्षकांना खुर्च्यांवरून उठू देत नव्हते, म्हणून बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा पॉल सिमोनन वैतागला आणि त्याने गिटार उलटी धरून स्टेजवर आपटली. स्मिथ स्टेजच्या कडेला उभ्या होत्या. तो अंगावर येतोय म्हणून मागे सरकता सरकता त्यांनी फोटो घेतला. तिकीट काढून आलेला माणूस त्या जागेपर्यंत पोचतच नाही. तिथे पोचायला बँडचा भरवसा कमवावा लागतो, आणि तो त्यांनी कामातून कमावला होता.

‘सापडला, आवडला, छापला’ हेही खोटं. फोटोचा फोकस गेलाय, हा वापरू नका, असं खुद्द स्मिथ सांगत होत्या. बँडचा गायक जो स्ट्रमर आणि कव्हर करणारे व्यंगचित्रकार रे लॉरी हाच हवा म्हणून अडून बसले. म्हणजे फोटो काढणारीशी बोलणं झालं, वाद झाला, मग तो छापला गेला. मेसेजमधून नेमकं हेच गायब आहे.

लॉरींनी गुलाबी-हिरवी अक्षरं घेतली ती एल्विस प्रेस्लीच्या १९५६ च्या पहिल्या अल्बमवरून. प्रेस्लीच्या त्या कव्हरवरचा फोटो अमेरिकेतल्या टँपा शहरात १९५५ साली रेड रॉबर्टसन यांनी काढलेला, पण श्रेय वर्षानुवर्षं पॉप्सी रँडॉल्फ यांच्या नावावर राहिलं. हे वाचलं की मला धोबीतलावचं रंगभवन आठवतं. तिथे व्हायच्या त्या इंडिपेन्डन्स रॉक या रॉक महोत्सवाचे फोटो आजही फिरतात, आणि बहुतेकांखाली नाव नसतं. फार वाईट वाटतं.

राहिली परवानगी. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जातो. पण चाहत्याने तर तिकिटाचे पैसे स्वतः मोजलेले असतात! त्याने तुम्हाला टॅग केलं म्हणून फोटो तुमचा होत नाही.

लोअर परळच्या गिगमध्ये एखाद्या मुलीने काढलेला तुमचा फोटो कव्हरवर हवाय? जरूर घ्या, पण आधी तिला फोन करा. मूळ फाइल मागा, कारण इन्स्टाग्रामवरून उतरवलेला फोटो १२ इंची एलपी रेकॉर्डच्या कव्हरएवढा मोठा केला की धूसर दिसतो. कशासाठी आणि किती प्रतींसाठी वापरणार ते लेखी ठरवा, पैशांचं बोला आणि कव्हरच्या मागे तिचं नाव छापा.