रिव्ह्यूला उत्तर: खुंटी घसरली तर सूर उतरतो, तुमचा तर चढतोय

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. सोबतचा व्हिडिओ पाच-सहा वेळा ऐकला, फोटोही मोठा करून पाहिला. तुम्ही लिहिलंय की सर्व्हिसिंगचे 600 रुपये घेतले आणि दुसऱ्याच कार्यक्रमात गिटार बेसूर झाली. बार, म्हणजे तारा सैल करणारा बॉडीवरचा दांडा, दाबला की सूर जातो. खुंट्या बदला म्हटलं तर बदलल्या नाहीत. आणि हार्मोनियमवाल्याला इलेक्ट्रिक गिटारचं काय कळणार. मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, गर्दीसमोर, गाणं अर्ध्यावर असताना वाद्य दगा देतं तेव्हा वाजवणाऱ्याची काय अवस्था होते ते मी जवळून पाहिलंय. तुमचा राग रास्त आहे. यात माझ्याकडूनही चूक झाली आहे, ती पुढे सांगतो.

आधी खुंट्यांचं, कारण त्याबद्दल माझं मत आजही तेच आहे. तुमच्या व्हिडिओत बार खाली दाबून सोडल्यावर पाच तारा जवळपास जागेवर येतात, तिसरी तार मात्र चढून येते. खुंटी घसरली तर तार ढिली पडते आणि सूर उतरतो. खुंटी आपणहून तार ताणू शकत नाही. म्हणून सूर चढत असेल तर दोष खुंटीचा नाही, नटचा आहे, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडे तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिचा.

होतं काय, तर बार दाबला की फ्रेटबोर्डवरची, म्हणजे बोटं दाबतो त्या पट्टीवरची, तार सैल पडते. खुंटीकडचा तुकडा मात्र अजून ताणलेलाच असतो, तो नटच्या खाचेतून थोडी तार आपल्याकडे ओढून घेतो. बार सोडल्यावर तेवढी तार परत सरकायला हवी. खाच घट्ट असेल तर ती तिथेच अडकते आणि सूर वर राहतो. तार वाकवून वाजवली, म्हणजे बेंड केली, की याच्या उलट होतं आणि सूर उतरलेला राहतो. फ्लॉइड रोझ यांनी 1970च्या दशकाच्या शेवटी तारा नटपाशीच आवळून टाकणारी पद्धत काढली ती याच अडकण्यावर उपाय म्हणून. तुमच्या गिटारला ती नाही. तुमची रचना 1954 सालच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची आहे, सहा स्क्रूंवर झुलणारा ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे बसतात तो भाग, आणि तारांचा ताण तोलायला मागे स्प्रिंगा. ही रचना चांगली सुरात राहते, पण तार जिथे जिथे घासते ती प्रत्येक जागा मोकळी असावी लागते.

आता फोटोबद्दल. मी गिटार तुमच्या हातात दिली तेव्हा ब्रिजच्या मागच्या कडेखाली 3 मिमीच्या आसपास फट होती. फेंडर कंपनी स्वतःसुद्धा साधारण तेवढीच, 3.2 मिमी सांगते. फोटोत ती जवळजवळ दुप्पट दिसते. मधल्या काळात तुम्ही तारांचा 9 नंबरचा सेट काढून जाड 10चा चढवलाय असं मला वाटतं (नंबर म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). 9च्या सहाही तारांचा मिळून ताण 38 किलोच्या आसपास असतो, 10चा 46-47 किलो. मागच्या स्प्रिंगा मी 38 किलोंना तोलून दिल्या होत्या. आठ-नऊ किलो ताण वाढला की ब्रिज पुढे झुकणारच. तारांची उंची वाढते, फ्रेटवरचे सूरही हलतात. शिवाय 16 जाडीच्या तारेच्या खाचेत आता 17ची तार बसलीय आणि 24च्या खाचेत 26ची.

तारा बदलणं हा तुमचा हक्क आहे. पण जाडी बदलली तर स्प्रिंगा पुन्हा तोलाव्या लागतात, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. पावतीवर एक ओळ लिहायला हवी होती. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक जास्त मोठी आहे. तिसरी तार सुरात लावताना नटपाशी बारीक 'टिंग' असा आवाज मला त्या दिवशीही आला होता. तो तार अडकून सुटल्याचा आवाज. तुम्हाला संध्याकाळी कार्यक्रमाला निघायचं होतं, म्हणून मी खाचेत पेन्सिलीचं शिसं भरलं आणि गिटार दिली. शिशाने तार सरकते, पण अरुंद खाच काही रुंद होत नाही. तिथे बारीक कानसच लावायला हवी होती. माझ्या वडिलांनी मला हार्मोनियमची पत्ती सुरात आणायला शिकवलं ते असंच, टोकाशी एक घासा, ऐक, पुन्हा एक घासा. ती सवय असूनही मी त्या दिवशी घाई केली. याबद्दल तुमची माफी मागतो.

आता काय करायचं ते सांगतो. 10च्याच तारा ठेवायच्या असतील तर नटच्या खाचा त्या मापाच्या करू, मागे चौथी स्प्रिंग लावू, सहा स्क्रूंपैकी मधले चार किंचित मोकळे ठेवू म्हणजे ब्रिज फक्त कडेच्या दोनवर झुलेल. माझा सल्ला मात्र एक पायरी पुढचा आहे. व्हिडिओत तुम्ही बार फक्त खाली दाबता, वर ओढत नाही. तर मग ब्रिज बॉडीवर टेकवूनच घ्या. तरंगत्या ब्रिजवर एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात आणि गाणं तिथेच थांबतं. टेकलेल्या ब्रिजवर पाच तारांवर गाणं पार पडतं. वडशाहून रात्री तीस-चाळीस किलोमीटर जाऊन ऑर्केस्ट्रात वाजवायचं असेल तर मला हेच बरं वाटतं.

तोवर एक करा. बार वापरल्यावर तिसरी तार चढली तर ती बोटाने एकदा जोरात बेंड करून सोडा, अडकलेली तार बरीचशी परत येईल. आणि या थंडीत गाडीतून गिटार काढून लगेच सूर लावू नका. उघड्या मैदानात तार गार पडते तसा सूर चढतो, मग मंचावरच्या हॅलोजनखाली तीच तार तापून उतरते. अर्धा तास आधी गिटार मंचाजवळ ठेवा आणि तिथेच सुरात लावा.

काम पुन्हा करून देईन, पैसे घेणार नाही. या वेळी गिटार दोन दिवस दुकानात राहू द्या. कार्यक्रमाच्या दिवशी आणू नका. आणि बार आठवणीने सोबत आणा. मागच्या वेळी तो तुमच्या घरी राहिला होता, मी ब्रिज हाताने दाबून पाहिला आणि ठीक आहे म्हणालो. बार लावून शंभर वेळा दाबल्याशिवाय मी गिटार परत देणार नाही.