"गिरगाव आलं? मग दिसत का नाही?"

मागच्या रविवारी आईला मेट्रोने गिरगावात नेलं. मरोळ नाक्याला बसलो आणि चाळीसेक मिनिटांत गिरगाव. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, माहेर फणसवाडीतलं. धाकटी मावशी अजून तिथेच, चाळीत राहते. पण गेली सहा वर्षं आई तिच्याकडे गेली नव्हती. अंधेरीचा पूल, चर्नी रोडचे जिने आणि मधली गर्दी, यांचं नुसतं नाव काढलं तरी म्हणायची, "तिलाच म्हणावं, तू ये." मावशीचे गुडघेही त्याच वाणाचे. एका शहरात राहून दोघी बहिणी व्हिडिओ कॉलवर भेटत होत्या.

तर घोषणा झाली, दारं उघडली, मी म्हटलं, "चल आई, गिरगाव आलं." ती उठेचना. "कुठे आलं? दिसत तर नाही."

हसू आलं खरं, पण तिचंही बरोबर होतं. तिने ही मुंबई खिडकीतून पाठ केली आहे. पार्ल्याला बिस्किटांचा वास (तो कारखाना २०१६ साली बंद झाला, तरी बाई अजून पार्ल्याला नाक वर करते), माहीमला खाडी, चर्नी रोड यायच्या सुमारास उजवीकडे समुद्राचा तुकडा. स्टेशनचं नाव वाचायची तिला कधी गरजच पडली नाही. भुयारात काळी काच आणि काचेत आपलंच तोंड. धारावी गेली, शीतलादेवी गेली, दादर गेलं. सिद्धिविनायकाला तिने सवयीने हात जोडले, पण कुठल्या दिशेला जोडायचे ते कळेना, म्हणून दोन्हीकडे जोडले.

या मेट्रो तीनबद्दल गेले काही महिने सगळेच लिहितायत. मीही लिहिणार होतो, राहून जात होतं. परवाच्या त्या फेरीनंतर मात्र राहवलं नाही. पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी कौतुक. मनापासून आहे. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं, त्यातली सव्वीस जमिनीखाली. ५ ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) सुरू झाली, मे २०२५ मध्ये वरळीला आचार्य अत्रे चौकापर्यंत आली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला पुढच्या अकरा स्टेशनांचं उद्घाटन होऊन ती कफ परेडला पोचली. कोलकात्याने १९८४ साली भुयारी मेट्रो चालवून दाखवली होती. आपल्याला चाळीस वर्षं जास्त लागली. असो.

मला खरं महत्त्व वाटतं ते ती कुठून जाते याचं. आपली लोकल शहराच्या दोन कडा धरून धावते आणि मधला पोटाचा भाग वर्षानुवर्षं बेस्टच्या भरवशावर. वरळी, प्रभादेवीची सिद्धिविनायकाची बाजू, काळबादेवी, विमानतळ, सीप्झ (अंधेरीची उद्योग वसाहत), बीकेसी: इथे स्टेशनातून बाहेर पडून लगेच ऑफिसात किंवा देवळात शिरता येईल अशी गाडी नव्हतीच. सीप्झला रोज येणाऱ्या माणसाला विचारा, अंधेरीहून रिक्षाच्या रांगेत त्याची किती वर्षं गेली ते.

आणि एक गंमत माझी मला सापडलेली. अत्रे चौकात चढायचं आणि हुतात्मा चौकात उतरायचं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आठ स्टेशनांत. मधे जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठही भेटतात, मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनाला त्यांचं नाव आहे. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सुटली, त्या उद्योगात हा गिरगावचा माणूस होता. त्यांच्याच नावाच्या रस्त्याखालून आज गाडी जाते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "नानांचा वाडा आम्ही लहानपणी बाहेरून बघायचो." बस, एवढंच.

आता गिरगावचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

गिरगाव आणि काळबादेवी, ही दोन स्टेशनं करताना वरून मोठा खड्डा खणायला जागाच नव्हती. रस्ता हाताएवढा, दोन्ही बाजूंना शंभरी गाठलेल्या इमारती, काही तर नुसत्या टेकूंवर उभ्या. म्हणून बाजूला विहिरीसारखे शाफ्ट खणून खाली उतरले आणि आतल्या आत थोडा थोडा खडक फोडत, फोडलेल्या जागी लगेच काँक्रीटचा फवारा मारत, सळया ठोकत पोकळी वाढवत नेली. इंजिनीअर लोक याला एनएटीएम म्हणतात. बोगदे मात्र यंत्रांनी खणले. सतरा यंत्रं, त्यांना नावं आपल्या नद्यांची: वैतरणा, गोदावरी, कृष्णा, सूर्या, तापी, वैनगंगा. मुंबईच्या काळ्या बेसॉल्टमधून या नद्या अशा वाहत गेल्या आणि खऱ्या मिठी नदीच्याही पोटाखालून बोगदा गेला. मावशी सांगते, खाली यंत्र चालू असताना तिच्या फळीवरची पितळेची भांडी अधूनमधून आपसांत बोलायची. "आधी भीती वाटली. मग सवय झाली. बंद झाली तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं."

पण हे सगळं भांड्यांच्या किणकिणाटावर निभावलं नाही. काही इमारती पाडाव्या लागणार म्हटल्यावर गिरगावात, काळबादेवीत मोर्चे निघाले. आम्हाला इथेच घर द्या, माहुलला की मानखुर्दला नको, एवढंच लोकांचं म्हणणं. शेवटी त्याच भागात नव्या इमारती बांधून पुनर्वसन करायचं ठरलं. कफ परेडच्या रहिवाशांनी रात्रीच्या आवाजाविरुद्ध कोर्ट गाठलं आणि काही महिने रात्रीचं काम थांबवून दाखवलं. पारशी मंडळींनी प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूच्या आतशबेहरामांखालून (म्हणजे त्यांच्या अग्निमंदिरांखालून) बोगदा जाऊ नये म्हणून उच्च न्यायालयात जोर लावला, आणि २०१८ साली अटी घालून का होईना काम पुढे गेलं. तेव्हा आमच्या एका काकांनी या सगळ्यांना विकासाचे शत्रू ठरवलं होतं. मी नाही ठरवत. पायाखाली वीसेक मीटरवर काय चाललंय हे विचारण्याचा हक्क वर राहणाऱ्याला असतोच. ज्यांनी विचारलं, त्यांच्यामुळे काम जपून झालं असं माझं मत.

आरेबद्दलही एक ओळ लिहितो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी आठवण करून देईलच. ऑक्टोबर २०१९ मध्ये या मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं रात्रीतून तोडली तेव्हा मी घरात, मित्रांत, सगळीकडे भांडलो होतो. पुढे कारशेड कांजूरमार्गला गेलं, कोर्टात अडकलं, सरकार बदललं, परत आरेत आलं. आज मी त्याच कारशेडमधून निघालेल्या गाडीत बसतो. तेव्हाचं मत बदललेलं नाही आणि गाडीतून उतरतही नाही. यात विसंगती आहे, मला मान्य आहे.

आता मूळ दुखणं.

या मार्गाचा खर्च सुरुवातीला तेवीस हजार कोटी धरला होता. झाला सदतीस हजार कोटींच्या वर, त्यातला मोठा वाटा जायका या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जाचा. म्हणजे किलोमीटरला साधारण अकराशे कोटी. खाली गेलं की ते पैसे दिसतात. फलाटाला काचेची उंच दारं, त्यामुळे रुळांवर पडण्याचा प्रश्नच नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर लोकलला लटकलेली माणसं पडून दगावली. ती बातमी ज्याने वाचली आहे त्याला या काचेच्या दारांची किंमत वेगळी सांगायला नको. एसी, स्वच्छता, बायकांना रात्री बिनघोर वाटेल असा उजेड, सगळं आहे. यापेक्षा चांगलं मी तरी आपल्याकडे पाहिलेलं नाही.

आणि वर आलो की?

परत येताना आम्ही मधे एका स्टेशनला उतरलो. आईला डॉक्टरकडे चष्म्याचं काम होतं. स्टेशनचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका स्टेशनाचा नाही. फलाटावरून तिकिटांच्या मजल्यावर लिफ्टने आलो. तिथून रस्त्यावर जाणारी लिफ्ट शोधायला लागलो. पाट्या होत्या, पण त्या रस्त्यांची नावं सांगत होत्या, लिफ्टचं नाही. शेवटी एका सिक्युरिटीच्या मुलीने हाक मारली, "आजी, तिकडून नका जाऊ, तिकडे बावन्न पायऱ्या आहेत. मी रोज मोजते." तिने दाखवलेल्या बाजूने वर आलो तर डॉक्टर रस्त्यापलीकडे. सिग्नल नाही, झेब्रा नाही. फुटपाथ आहे, पण त्यावर पत्रे लावलेले, पत्र्यांच्या आणि गटाराच्या मधे जी वीतभर जागा उरली तिच्यातून एक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत येतोय. आईने माझा दंड धरला तो पलीकडे जाईपर्यंत सोडला नाही. गिरगावहून तिथपर्यंतचा प्रवास पंचवीस मिनिटांचा. वरची दोनशे पावलं, घड्याळ लावून सांगतो, वीस मिनिटांची.

माझं म्हणणं इतकंच आहे. मेट्रोचा वेग गाडीच्या वेगाने मोजू नका. त्या गाडीतल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या प्रवाशाला घराच्या दारापासून पोचायच्या दारापर्यंत किती वेळ लागतो, त्याने मोजा. किलोमीटरला अकराशे कोटी खर्च करणाऱ्या शहराला स्टेशनच्या तोंडाशी दोनशे पावलांचा सपाट फुटपाथ परवडत नाही, हे मला पटत नाही. खालचं काम एकाचं, वरचा रस्ता दुसऱ्याचा, गटार तिसऱ्याचं, सिग्नल चौथ्याचा, हे उत्तर मी ऐकलंय. आईच्या गुडघ्याला त्याच्याशी काय करायचंय?

लोकांचा दुसरा राग तिकिटावर आहे. दहापासून सत्तर रुपयांपर्यंत. लोकलचं किमान तिकीट आजही पाच रुपये, आणि पास काढला तर विचारायलाच नको. पूर्ण लाईन सुरू झाल्याच्या पहिल्या दिवशी दीड लाखाच्या वर लोक बसले. अंदाज मात्र दिवसाला तेरा लाखांचा होता. लोकलने रोज सत्तर लाखांच्या आसपास लोक जातात. माझ्या ऑफिसातला प्यून विरारहून येतो, तो म्हणतो, "साहेब, ती तुमची गाडी." 'तुमची' या शब्दावर मी अडकलो. रिक्षावर रोज दीडशे घालवणाऱ्याला मेट्रो स्वस्त आहे, पासवाल्याला महाग. दोघंही आपापल्या जागी खरे. पण स्टेशनच्या तोंडाशी बेस्टची छोटी बस उभी असेल, आणि लोकल-मेट्रो-बस मिळून एकच महिन्याचा पास पासवाल्याच्या खिशाला झेपेल असा असेल, तर तो प्यूनही एखादवेळी महालक्ष्मीला गाडी बदलेल. हे खणण्यापेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे.

पाण्याचंही सांगून टाकतो. २६ मे २०२५, पाऊस नेहमीपेक्षा आधी आला आणि अत्रे चौकाच्या नव्याकोऱ्या स्टेशनात पाणी घुसलं. एका अर्धवट राहिलेल्या दाराची तात्पुरती भिंत दबावाने फुटली. व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. फुटलं कुठे ते बघा: बोगद्यात नाही, यंत्रांनी खणलेल्या भागात नाही. रस्त्याला लागून असलेल्या तोंडाशी. म्हणजे पुन्हा तेच, जिथे खालचं काम संपतं आणि वरचं शहर सुरू होतं ती जागा.

आणि हे आत्ता का लिहितोय? कारण पुढची भुयारी लाईन येते आहे. मेट्रो अकरा, वडाळ्याच्या आणिक डेपोपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. सतरा-साडेसतरा किलोमीटर, जवळजवळ सगळी जमिनीखाली, खर्च तेवीस हजार कोटींच्या वर. भायखळा, नागपाडा, भेंडीबाजार या वस्त्यांखालून. म्हणजे गिरगावात जे झालं तेच सगळं पुन्हा: अरुंद रस्ते, म्हाताऱ्या इमारती, भाडेकरू, फळीवरची भांडी.

तिथल्या लोकांना माझं सांगणं आहे. घरांचा प्रश्न तुम्ही विचारालच, तो आधी विचारा. पण त्याच बैठकीत नकाशा मागा आणि बोट ठेवून विचारा: दारं किती, कुठल्या बाजूला, लिफ्ट कुठल्या दाराला, त्या दारापुढचा फुटपाथ कोण करणार आणि कधी. एकदा खणून झालं की लिफ्ट इकडची तिकडे होत नाही. गिरगावकरांनी घरासाठी जीव तोडून भांडण केलं, बरोबरच केलं. जिन्याबद्दल विचारायचं कोणाला सुचलं नाही. तेव्हा सगळ्यांचे गुडघे दहा वर्षांनी तरुण होते.

मावशीकडे आई चार तास बसली. दोघी बोलत होत्या ते मी ऐकलं नाही, मुद्दामच चिराबाजारात जाऊन आलो. येताना चाळीतल्या एका काकूंनी विचारलं, "आलात कशाने?" आईने अशा थाटात "मेट्रोने" सांगितलं, जणू तिनेच खणली आहे.

आता तिचं नवीन काढणं आहे. म्हणे हुतात्मा चौक बघायचा. लग्नाआधी ती फोर्टात टायपिस्ट होती, ते ऑफिस अजून आहे का बघायचं आहे. पुढच्या रविवारी नेईन म्हणतो. हुतात्मा चौक स्टेशनला रस्त्यापर्यंत येणारी लिफ्ट नेमकी कुठल्या दाराला आहे, आणि तिथून फ्लोरा फाउंटनच्या कारंज्यापर्यंत मधे पायऱ्या लागतात का, हे रोज जाणाऱ्यांपैकी कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. गुगलवर मला मिळालं नाही.